नावं घेत निघालेला मोर्चा

१९६९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राचं लक्ष दिल्लीकडे लागलेलं होतं. १२ तारखेला इंदिरा गांधींची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली. देशातला सर्वांत मोठा पक्ष उभा चिरला जात असताना परदेशच्या बातम्यांकडे कोण बघणार? शिवाय मुंबईत दूरदर्शन यायला अजून तीन वर्षं होती. ऑक्टोबरच्या अखेरीस आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन आणि कॉलिन्स मुंबईत येऊन गेले होते, त्यामुळे अमेरिका म्हटलं की चंद्र हेच समीकरण डोक्यात ताजं होतं. त्या महिन्यातला अमेरिकेचा एक आठवडा, १० ते १६ नोव्हेंबरचा, आपल्याकडे त्यामुळे तुकड्यातुकड्यांनीच पोचला.

त्या दशकाचा विषय निघाला की सगळे १९६८ वर येऊन थांबतात. मार्टिन ल्यूथर किंग, रॉबर्ट केनेडी, शिकागोच्या रस्त्यांवरच्या लाठ्या. ते वर्ष थोर आणि भीषण होतंच. पण अमेरिकेची स्वतःशी चाललेली झुंज मला या सात दिवसांत जास्त स्पष्ट दिसते. सत्ता कुणाकडे यापेक्षा खोल असा एक झगडा तेव्हा चालू होता. देशाला काय दाखवायचं, ते कुणी दाखवायचं आणि मेलेल्यांची मोजदाद कुणी करायची, असा तो झगडा.

सुरुवात आठवडाभर आधी झाली होती. ३ नोव्हेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन दूरचित्रवाणीवर आले. १५ ऑक्टोबरला देशभर गावोगाव लाखो लोकांनी काम थांबवून व्हिएतनाम युद्धाचा निषेध केला होता. कॉलेजांपुरतं असलेलं आंदोलन तेव्हा चर्चमध्ये, नगरपालिकांच्या सभागृहांत, वकिलांच्या कचेऱ्यांत शिरलं. त्याला उत्तर म्हणून निक्सननी देशातल्या ‘मूक बहुसंख्यां’ना हाक घातली. जे मोर्चे काढत नाहीत, घोषणा देत नाहीत, त्यांनी माझ्या पाठीशी उभं राहावं, असा त्या हाकेचा अर्थ. ती अचूक बसली. तारा आणि पत्रांचे गठ्ठे व्हाइट हाउसमध्ये येऊन पडले आणि टेबलावर त्यांचा ढीग मांडून निक्सननी छायाचित्रं काढून घेतली. गॅलपच्या पाहणीत त्यांची लोकप्रियता ६८ टक्क्यांवर गेली. मर्ल हॅगर्डचं ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’ हे गाणंही त्याच सुमारास कंट्री संगीताच्या यादीत अव्वल ठरलं. लांब केस, गांजा, लष्करभरतीची कार्डं जाळणं यातलं काहीही न करणाऱ्या छोट्या गावाचा अभिमान त्या गाण्यात आहे. मूक म्हणवणाऱ्यांना आपला आवाज सापडला होता, आणि तो खोटा नव्हता. त्या आठवड्याची गोष्ट सांगताना हे विसरून चालणार नाही.

सोमवारी, १० तारखेला, सरकारशी किंवा युद्धाशी काहीही संबंध नसलेली एक गोष्ट घडली. नॅशनल एज्युकेशनल टेलिव्हिजनच्या केंद्रांवर लहान मुलांचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. नाव होतं ‘सेसमी स्ट्रीट’. जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांच्या डोक्यातून निघालेल्या या कार्यक्रमामागे कार्नेगी आणि फोर्ड प्रतिष्ठानं आणि केंद्र सरकार यांचे मिळून ८० लाख डॉलर होते. प्रश्न साधा होता. मुलं जाहिराती तोंडपाठ म्हणतात, तर त्याच युक्तीने त्यांना अक्षरं आणि आकडे का शिकवू नयेत? गरीब घरातली तीन ते पाच वर्षांची मुलं शाळेत जाण्याआधीच मागे पडतात, त्यांना बालवाडी परवडत नाही, पण घरात टीव्हीचा डबा असतो. मग त्या डब्यालाच कामाला लावायचं.

पहिला भाग आजही बघायला मिळतो. गॉर्डन नावाचा कृष्णवर्णीय शिक्षक सॅली या चिमुरडीला आपली गल्ली दाखवत फिरतो. कचऱ्याचे डबे, दाराच्या पायऱ्या, कोपऱ्यावरचं दुकान. तोपर्यंत मुलांच्या कार्यक्रमांत किल्ले, सर्कशी आणि जादूची बेटं असायची. इथे न्यूयॉर्कमधली कामकरी वस्ती होती. गॉर्डन आणि त्याची बायको सूझन हे कृष्णवर्णीय जोडपं म्हणजे त्या गल्लीतली कर्ती माणसं. शेवटी एखाद्या साबणाच्या कंपनीने सौजन्य मिरवावं तसं त्या दिवशीच्या अक्षरांनी आणि आकड्यांनी मिरवलं. गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र खेळताना दाखवणं हे तेव्हा किती मोठं पाऊल होतं, ते पुढच्याच वर्षी कळलं. मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी मंडळाने नेमक्या याच कारणासाठी कार्यक्रम बंद ठेवला. बोंब झाल्यावर काही आठवड्यांत बंदी उठली. पुढे २००६ मध्ये तोच कार्यक्रम ‘गली गली सिम सिम’ होऊन आपल्याकडेही आला, तेव्हा त्याच्या जन्माच्या आठवड्यात काय चाललं होतं याची कुणाला आठवण असायचं कारण नव्हतं.

मंगळवार-बुधवार वॉशिंग्टनमध्ये धाकधुकीत गेले. शनिवारी मोठा मोर्चा होता. सरकारने परवानगीचा घोळ बराच ताणला होता. दंगल होणार, रक्त सांडणार, अशी भाकितं न्यायखात्याकडूनच सुटत होती.

मग गुरुवार उजाडला. १३ नोव्हेंबर. या एका दिवसावरच वेगळं पुस्तक लिहिता येईल.

सकाळी तीसेक अमेरिकी वर्तमानपत्रांत एक बातमी आली. खाली नाव होतं सेमूर हर्श. वय ३२, मुक्त पत्रकार, कुठल्याही वर्तमानपत्राच्या पगारावर नाही. ऑक्टोबरात त्याला एका वकिलाकडून कुणकुण लागली होती की, व्हिएतनाममध्ये बऱ्याच नागरिकांना ठार मारल्याबद्दल लष्कर आपल्याच एका अधिकाऱ्यावर गुपचूप खटला भरतंय. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. हर्श माग काढत सॉल्ट लेक सिटीला जॉर्ज लॅटिमर या वकिलाच्या कार्यालयात पोचला. लॅटिमर आरोपीचा बचाव करणार होते. समोर टेबलावर आरोपपत्र पडलेलं. हर्शने पुढे आत्मचरित्रात लिहिलंय की, गप्पा मारता मारता तो कागद त्याने उलट्या बाजूने वाचला आणि टिपणं घेतोय असं भासवत वहीत उतरवून घेतला. विल्यम कॅली, लेफ्टनंट, वय २६. आरोप १०९ जणांच्या खुनाचा. मेलेल्यांचा उल्लेख त्या सरकारी कागदात व्हिएतनामी म्हणूनही नव्हता. ‘पौर्वात्य मानव’ एवढंच होतं.

तिथून हर्श जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंगला गेला. हा लष्करी तळ म्हणजे एक शहरच. दिवसभर तो बराकी, मोटारींचे तळ, टेलिफोनच्या याद्या धुंडाळत फिरला. कॅली कुठे आहे, हे एकतर कुणाला ठाऊक नव्हतं किंवा कुणी सांगत नव्हतं. रात्री कॅली भेटला. बुटका, कोवळ्या चेहऱ्याचा, ‘रस्टी’ म्हणून ओळखला जाणारा. दोघं पहाटेपर्यंत पीत बोलत बसले. मधेच कॅली उठून न्हाणीघरात गेला, दार अर्धवट उघडं होतं आणि हर्शला दिसलं की तो रक्त ओकतोय. मला या सगळ्या हकिकतीतला हा क्षण सर्वांत जास्त टोचतो. आपल्या हातून काय झालंय, हे त्या माणसाच्या शरीराला तोंडापेक्षा आधी कळलं होतं.

बातमी हातात आली, पण छापायला कुणी तयार नव्हतं. ‘लाइफ’ने नाही म्हटलं, ‘लुक’ने नाही म्हटलं. हर्शच्या शेजारी डेव्हिड ऑब्स्ट नावाचा तेविशीतला तरुण राहायचा, तो ‘डिस्पॅच न्यूज सर्व्हिस’ नावाची एवढीशी वृत्तसंस्था चालवायचा. त्याने फोनला कान चिकटवून पन्नासेक संपादकांना गाठलं आणि प्रत्येकाला १०० डॉलरला बातमी देऊ केली. एका बलाढ्य देशाच्या लष्कराचं गुपित असं शंभर-शंभर डॉलरला, फोनवरून विकलं गेलं.

आता जरा मागे जाऊ. १६ मार्च १९६८ च्या सकाळी अमेरिकी सैनिकांची तुकडी सोन मी या गावाच्या वाड्यांमध्ये उतरली होती. लष्कराच्या नकाशावर त्यातल्या एकीचं नाव माय लाय होतं. शत्रूची बटालियन तिथे आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात बायका, म्हातारी माणसं आणि मुलं होती, न्याहारीची वेळ होती. एकही गोळी त्यांच्या दिशेने आली नाही. चार तासांत गाव संपलं. ह्यू थॉम्प्सन या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाने वरून हे पाहिलं, सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध हेलिकॉप्टर उतरवलं आणि आपल्या साथीदारांना सांगितलं की, आपल्या लोकांनी या गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या तर तुम्ही आपल्या लोकांवर झाडा. त्याने काही जीव वाचवले आणि परतल्यावर वरिष्ठांकडे तक्रार नोंदवली. ती दाबली गेली. रॉन रायडनअवर हा तिथे हजरही नसलेला सैनिक सोबत्यांकडून ऐकलेल्या गोष्टी जुळवत राहिला आणि मार्च १९६९ मध्ये त्याने निक्सन, पेंटॅगॉन आणि अमेरिकी काँग्रेसच्या सभासदांना पत्रं धाडली. त्या पत्रांनी चौकशी सुरू झाली. पण लोकांना सगळं कळलं ते वीस महिन्यांनी, त्या गुरुवारी.

त्याच संध्याकाळी ६ वाजता आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीजवळून लोक एकामागे एक निघाले. या मोर्चाला नाव होतं ‘मृत्यूविरुद्धची पदयात्रा’. गर्दी नव्हती, घोषणा नव्हत्या. पुढे ढोल, अंत्ययात्रेच्या ठेक्यावर. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने अडकवलेला पुठ्ठ्याचा फलक आणि हातात वाऱ्यापासून जपलेली मेणबत्ती. फलकावर एकच नाव, व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या एखाद्या अमेरिकी सैनिकाचं किंवा तिथल्या उद्ध्वस्त झालेल्या एखाद्या गावाचं. सर्वांत पुढे २३ वर्षांची एक विधवा होती. तिचा नवरा त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हिएतनामात मारला गेला होता, आणि फलकावर त्याचंच नाव.

मेमोरियल ब्रिज ओलांडून, लिंकनच्या स्मारकावरून रांग व्हाइट हाउससमोर यायची. तिथे पोचलं की प्रत्येकजण एक पाऊल थांबून इमारतीकडे तोंड करून आपल्या फलकावरचं नाव मोठ्याने घ्यायचा. कुणी ओरडून, कुणी अडखळत. मग पुढे कॅपिटॉलकडे. तिथे ओळीने लाकडी शवपेट्या मांडलेल्या. फलक गळ्यातून काढून पेटीत ठेवायचा, मेणबत्ती विझवायची आणि बाजूला व्हायचं. मागून पुढचा. पाऊस आला, बोचरा वारा सुटला, रात्र झाली, शुक्रवार उजाडला, पुन्हा रात्र झाली, रांग तुटली नाही. शनिवारी सकाळपर्यंत ४०,००० हून अधिक माणसं त्या वाटेवरून गेली होती. अमेरिकेची युद्धातली मृतसंख्याही तोवर जवळपास तेवढीच झाली होती.

आंदोलनं मी पुष्कळ वाचली, पाहिली. इतकी काटेकोर, इतकी शिस्तीची आणि तरी काळजाला हात घालणारी कल्पना क्वचितच कुणाला सुचली असेल. सरकारकडे दर आठवड्याला मृतांचा आकडा जाहीर करायची पद्धत होती. आकड्याला माणूस सरावतो. तेच आकडे एकेक करून सुटे केले आणि प्रत्येकाला चालायला दोन पाय दिले, तर दोन रात्री लागतात. १९८२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये काळ्या ग्रॅनाइटची भिंत उभी राहिली, व्हिएतनाममध्ये मेलेल्या प्रत्येक अमेरिकन सैनिकाचं नाव कोरलेली. तिचं लोकार्पण १३ नोव्हेंबरलाच झालं.

एक उणीव मात्र या पदयात्रेतही होती, आणि ती सांगायलाच हवी. फलकांवर अमेरिकन माणसांची नावं होती. व्हिएतनामच्या वाट्याला आली ती फक्त गावांची नावं. माणसांची नावं मिळवणार तरी कुठून, हे खरंच. पण जगातल्या सर्वांत सहृदय मोर्चातसुद्धा ज्यांच्यावर बाँब पडत होते ती माणसं निनावीच राहिली.

ही रांग नुकती निघालेली असताना आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात उपराष्ट्राध्यक्ष स्पिरो अ‍ॅग्न्यू रिपब्लिकन पक्षाच्या सभेत बोलायला उभे राहिले. भाषण निक्सनचे भाषणलेखक पॅट ब्यूकॅनन यांनी लिहिलं होतं. निशाणावर होत्या तीन मोठ्या दूरचित्रवाणी वाहिन्या. निवडून न आलेली, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये बसलेली मूठभर माणसं देशाने रोज रात्री काय बघायचं ते ठरवतात, राष्ट्राध्यक्षाचं भाषण संपतं न संपतं तोच त्याची चिरफाड करतात, असा त्यांचा आरोप. आणि ज्यांच्यावर हल्ला होत होता त्या तिन्ही वाहिन्यांनी हे भाषण थेट प्रक्षेपित केलं! त्या रात्री वाहिन्यांच्या कार्यालयांत फोनचा पाऊस पडला, बहुतेक अ‍ॅग्न्यूंच्या बाजूने.

अ‍ॅग्न्यूंच्या म्हणण्यात तथ्याचा अंश होता. तीन वाहिन्यांच्या हातात अख्ख्या देशाची नजर असणं निरोगी नव्हतंच. पण ते भाषण प्रेक्षकांच्या हितासाठी नव्हतं. प्रक्षेपणाचे परवाने सरकारच्या हातात असताना उपराष्ट्राध्यक्षाने असं बोलणं ही सरळ धमकी होती, आणि ती लागू पडली. दोन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये तोपर्यंतचा अमेरिकेतला सर्वांत मोठा युद्धविरोधी मोर्चा झाला, तेव्हा एकाही वाहिनीने तो थेट दाखवला नाही. अ‍ॅग्न्यूंना पुढे १९७३ मध्ये करचुकवेगिरीच्या प्रकरणात पद सोडावं लागलं, पण पत्रकारांना देशाबाहेरचं समजण्याची त्यांनी लावलेली सवय त्यांच्यासोबत गेली नाही.

शुक्रवारी सकाळी ११ वाजून २२ मिनिटांनी फ्लोरिडातून अपोलो १२ उडालं. आकाश ढगाळ, पाऊस. निक्सन स्वतः हजर होते. समानव यानाचं उड्डाण पदावर असताना प्रत्यक्ष पाहणारे ते पहिले राष्ट्राध्यक्ष. उड्डाणानंतर ३६ सेकंदांनी यानावर वीज कोसळली, ५२ व्या सेकंदाला पुन्हा. यंत्रणा एकामागून एक बंद पडू लागल्या. ह्यूस्टनमध्ये बसलेल्या जॉन आरन या तरुण अभियंत्याला असलाच गोंधळ एका जुन्या चाचणीत पाहिल्याचं आठवलं आणि एक अपरिचित बटण फिरवायला त्याने सांगितलं. अंतराळवीर अ‍ॅलन बीन यांना ते बटण कुठे आहे ते माहीत होतं. मोहीम वाचली. पाच दिवसांनी माणूस दुसऱ्यांदा चंद्रावर उतरला, पण रंगीत कॅमेरा सूर्याच्या दिशेने वळल्यामुळे जळाला आणि घरोघरच्या पडद्यांवरचं चंद्राचं चित्र सुरुवातीलाच बंद पडलं. जुलैतलं कुतूहल तसंही ओसरलं होतं.

शनिवारी थंडी कडाक्याची होती. फलकांनी भरलेल्या शवपेट्या खांद्यावर घेऊन लोक पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवरून वॉशिंग्टन स्मारकाकडे निघाले. पोलिसांच्या अंदाजाने अडीच लाख, संयोजकांच्या मते पाच लाखांच्या वर. व्यासपीठावर कोरेटा किंग होत्या, सिनेटर मॅकगव्हर्न होते, आणि चार्ल्स गुडेल हे निक्सनच्याच पक्षाचे सिनेटरही होते. पीट सीगर यांनी जॉन लेननचं ‘गिव्ह पीस अ चान्स’ धरलं आणि ती एवढीशी ओळ गर्दीने दहाएक मिनिटं पुन्हा पुन्हा म्हटली. काही टोळक्यांनी संध्याकाळी न्यायखात्याच्या इमारतीवर दगडफेक केली, अश्रुधूर सुटला. एवढ्या लाखांत हे फार थोडे होते. भाकीत केलेली दंगल झालीच नाही.

व्हाइट हाउसभोवती बसगाड्या एकीला एक खेटून उभ्या करून कोट रचला होता. दुपारी आपण फुटबॉलचा सामना बघत होतो, असं निक्सनच्या बाजूने सांगण्यात आलं. बाहेरच्यांचा आपल्यावर काडीचा परिणाम होत नाही, हे दाखवण्यासाठीच ते होतं. खरी गोष्ट कागदपत्रं खुली झाल्यावर कळली. त्या उन्हाळ्यात निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी उत्तर व्हिएतनामला १ नोव्हेंबरची मुदत दिली होती. ऐकलं नाहीत तर भयंकर हल्ला, अशी योजना ‘डक हुक’ या सांकेतिक नावाने आखून तयार होती. ती अमलात आली नाही. निषेधांमुळे आपल्या धमकीतली हवा गेली, असं निक्सननी स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय. त्या थंडीत उभ्या असलेल्यांपैकी अनेकजण घरी परतताना, काही उपयोग झाला नाही असंच म्हणत असतील. त्यांना हे कळायला काही वर्षं लागली.

रविवारी, १६ तारखेला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे हेन्री कॅम व्हिएतनाममध्ये सोन मीच्या वाचलेल्या लोकांना भेटले. दुसऱ्या दिवशी त्यांची बातमी छापून आली. गावकऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे मृत होते ५६७. गुरुवारी छापून आलेला लष्करी कागदावरचा आकडा १०९ होता. अमेरिकी लष्कराच्या तपासात नंतर ३४७ निघाले. व्हिएतनामच्या स्मारकावर आज ५०४ आहेत, नावानिशी आणि वयानिशी. २० नोव्हेंबरला क्लीव्हलँडच्या ‘प्लेन डीलर’ने लष्करी छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्लीने काढलेली चित्रं छापली. वाटेवर एकमेकांवर पडलेली प्रेतं, बायका आणि तान्ही मुलं. त्यानंतर कुणाला शंका घ्यायला जागा उरली नाही. हर्शला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं.

सगळं दिसलं, छापून आलं, सिद्ध झालं. २६ जणांवर आरोप ठेवले गेले आणि शिक्षा झाली एकट्या कॅलीला, मार्च १९७१ मध्ये, जन्मठेपेची. निक्सननी काही दिवसांतच त्याला तुरुंगातून काढून फोर्ट बेनिंगवरच्या त्याच्या घरात नजरकैदेत ठेवण्याचा हुकूम दिला. १९७४ मध्ये तो सुटला. ह्यू थॉम्प्सनला मात्र वर्षानुवर्षं धमक्या येत राहिल्या, आणि प्रतिनिधीगृहाच्या लष्करविषयक समितीच्या अध्यक्षांनी, शिक्षा व्हायची तर ती या वैमानिकाला व्हावी, असं मत दिलं. शौर्यपदक त्याला १९९८ मध्ये मिळालं. कॅलीच्या शिक्षेनंतर गॅलपने देशाला विचारलं होतं. निकाल मान्य नाही, असं ७९ टक्के अमेरिकनांनी सांगितलं.